प्रोस्टेटमध्ये सर्वाधिक, मग आजार फुप्फुसाचा कसा? पेशीपटलावरच्या सिरीन प्रोटिएजेसबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने ह्युमन प्रोटीन ॲटलसमध्ये, म्हणजे कोणतं जनुक कोणत्या ऊतीत किती चालू आहे ते आलेखाच्या खांबांनी दाखवणाऱ्या ऑनलाइन कोशात, टीएमपीआरएसएस२ हे जनुक शोधलं. आरएनएचा सगळ्यात उंच खांब निघाला प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा त्यापुढे बराच बुटका. कोविडचा विषाणू याच एन्झाइमच्या मदतीने पेशीत शिरतो हे तिने वाचलेलं आहे. मग आजार फुप्फुसाचा कसा? शिवाय पेशीपटलावरच्या सिरीन प्रोटिएजेसच्या या कुटुंबात एवढी जनुकं कशाला, आणि प्रकल्पासाठी त्यातलं एखादं निवडायचं तर ऊतींचे खांब पाहून निवडावं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते: खांब पाहून निवडू नका. या कुटुंबातल्या कुठल्याही सदस्याचं जनुक अमुक ऊतीत चालू आहे, एवढ्यावरून तिथे एन्झाइमचं काम चालू आहे असं म्हणता येत नाही. प्रथिन पेशीच्या कोणत्या बाजूला बसलं, त्याला तोडून जागं कुणी केलं आणि जागं झाल्यावर शेजारच्या रोधकाने (एन्झाइमला अडवून धरणाऱ्या प्रथिनाने) त्याला किती वेळ मोकळं सोडलं, यावर सगळं ठरतं. आरएनएचा खांब यातलं काहीच सांगत नाही.

आधी रचना बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सिरीन प्रोटिएज म्हणजे प्रथिनं तोडणारं असं एन्झाइम, ज्याच्या कामाच्या जागी एक सिरीन बसलेलं असतं आणि एक हिस्टिडीन व एक ॲस्पार्टेट त्याला हल्ला करायला तयार करतात. कायमोट्रिप्सिन या पाचक एन्झाइमच्या क्रमांकांनुसार हे त्रिकूट ५७, १०२ आणि १९५ या जागांवर असतं. टीएमपीआरएसएस२च्या स्वतःच्या ४९२ अमिनो आम्लांच्या साखळीत तेच २९६, ३४५ आणि ४४१ वर येतं. पाचकरसातलं ट्रिप्सिन आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन याच घराण्यातले, पण ते सुटे, द्रवात फिरणारे. आपल्याला ज्यांच्याशी कर्तव्य आहे ते पेशीपटलात रुतलेले असतात.

रुतण्याचे तीन प्रकार आहेत. सर्वांत मोठा गट टाइप टूचा: साखळीचं अमिनो टोक पेशीच्या आत, मग पटलातून एकदाच आरपार गेलेला तुकडा, बाहेर निरनिराळ्या घडणीचा एक दांडा आणि दांड्याच्या शेवटी कात्री, म्हणजे प्रोटिएजचा भाग. माणसात हे सतरा आहेत. हॅट-डेस्क गटात पाच, हेप्सिन गटात सात, मॅट्रिप्टेज गटात चार आणि कोरिन एकटं. दुसरा प्रकार जीपीआय नावाच्या मेदाच्या खुंटीने बाहेरच्या पृष्ठभागाला टांगलेल्यांचा. प्रॉस्टासिन आणि टेस्टिसिन त्यातले. तिसरा उलट्या बाजूने, कार्बॉक्सी टोकाकडून रुतलेल्यांचा, जसं ट्रिप्टेज गॅमा. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

टाइप टूची कात्री बहुतेक वेळा आर्जिनीन किंवा लायसीननंतर तोडते. ती जन्मतः बंद असते. साखळीतल्या एका ठरावीक आर्जिनीननंतर (मोजक्यांत लायसीननंतर) काप बसला की नवं टोक मोकळं होतं, बहुधा आयसोल्युसीनचं. ते टोक आत वळून सिरीनच्या अगदी शेजारच्या ॲस्पार्टेटला धरतं आणि कामाची जागा आकाराला येते. काप बसला तरी कात्री दांड्यापासून सुटत नाही, कारण दोन सिस्टीनमधला गंधकाचा पूल दोन्ही तुकडे जोडून ठेवतो. हा पूल लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत पुढे तोच कामी येणार आहे.

या कुटुंबातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वच्छ गोष्ट एंटरोपेप्टिडेजची. १८९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत शेपोवाल्निकोव्ह या विद्यार्थ्याला दिसलं की ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, रसात असं काही आहे ज्याने स्वादुपिंडाचा निष्क्रिय रस जागा होतो. पाव्हलॉव्हने त्याला एन्झाइमांचं एन्झाइम म्हटलं. आज त्याचं जनुक टीएमपीआरएसएस१५ या नावाने ओळखलं जातं आणि ते २१व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन बसतं ड्युओडेनमच्या पेशींच्या वरच्या, अन्नाकडच्या बाजूला. ट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे ट्रिप्सिनच्या झोपलेल्या रूपाच्या, टोकापाशी ओळीने चार ॲस्पार्टेट आणि मग एक लायसीन असतं. एंटरोपेप्टिडेज ही खूण ओळखतं आणि लायसीननंतर तोडतं. ट्रिप्सिन तयार झालं की बाकीची पाचक एन्झाइम्स तेच जागी करतं. चार ॲस्पार्टेटची ती ओळ उगाच नाही. तिच्यामुळे ट्रिप्सिनला स्वतःचं ट्रिप्सिनोजेन तोडणं जड जातं, म्हणून सगळा साठा स्वादुपिंडातच पेटत नाही. चावी आतड्यात आणि कुलूप स्वादुपिंडात, अशी ही व्यवस्था आहे.

या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळाला जन्मापासून जुलाब, उलट्या, वजन न वाढणं आणि रक्तातली प्रथिनं घटल्याने अंगावर सूज येते. असा आजार प्रथम १९६९ मध्ये वर्णिला गेला, जनुकातले दोष २००२ मध्ये सापडले. स्वादुपिंडाची एन्झाइम्स तोंडाने दिली की बाळ सुधारतं. इथे जनुकाचा खांब, प्रथिनाची जागा आणि आजार या तिन्ही गोष्टी एका रेषेत येतात, म्हणून शिकवताना मी नेहमी इथून सुरुवात करते. पण विद्यार्थ्यांचा समज होतो की बाकीचे सोळाही असेच सरळ असतील. तसं नाही.

जाता जाता: ज्यांनी प्रथिन शुद्ध करताना फ्लॅग टॅग (ओळखीची छोटी शेपटी) लावला आहे, त्यांनी हीच चार ॲस्पार्टेट आणि लायसीनची ओळ वापरली आहे. एंटरोकायनेजच्या (एंटरोपेप्टिडेजचंच जुनं नाव) बाटलीत या मानवी किंवा गाईच्या एन्झाइमचा फक्त कात्रीचा भाग असतो. ओळखीची सगळी खूण कापाच्या अलीकडे असल्याने टॅग तुटल्यावर आपल्या प्रथिनाचं टोक अगदी मूळचं मिळतं. रात्रभर ठेवलं तर मात्र ते भलत्या ठिकाणीही तोडतं, तेव्हा वेळ बांधून घ्या.

आता टीएमपीआरएसएस२.

हे जनुक १९९७ मध्ये जिनिव्हात २१व्या गुणसूत्राची तपासणी चालू असताना सापडलं. दोन वर्षांत कळलं की प्रोस्टेटच्या पेशींत त्याला पुरुषी संप्रेरकं, म्हणजे अँड्रोजेन, वर उचलतात. तुम्ही पाहिलेला उंच खांब तिथून येतो. गंमत अशी की प्रोस्टेटमध्ये त्याचं नेमकं काम काय, हे इतक्या वर्षांत ठामपणे कुणी दाखवलेलं नाही. २००६ मध्ये ज्या उंदरांतून हे जनुक काढून टाकलं ते उंदीर धडधाकट होते, वाढले आणि त्यांना पिल्लंही झाली. सगळ्यात उंच खांबाच्या ऊतीत एन्झाइम काढून घेतलं आणि काहीच बिघडलं नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये याचं नाव गाजलं ते २००५ मध्ये, मिशिगनमधल्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटामुळे. बऱ्याच रुग्णांच्या गाठींत टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं जोडली गेलेली सापडली. दोन्ही २१व्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून सुमारे ३० लाख बेसच्या अंतरावर. मधला तुकडा गळाला की ती चिकटतात. युरोपीय वंशाच्या रुग्णांत हे निम्म्याच्या आसपास गाठींत दिसतं, आशियाई रुग्णांत पुष्कळ कमी. पण नीट पाहिलं तर या जोडणीत टीएमपीआरएसएस२चा बहुतेक वेळा पहिला, प्रथिन न घडवणारा एक्झॉनच (जनुकाचा तुकडा) असतो. कात्रीचा अंशही नाही. अँड्रोजेनवर चालणारं बटण तेवढं उसनं घेतलं जातं आणि ते ईआरजी चालू करतं. या प्रोटिएजमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, असं या शोधाच्या आधारावर लिहिणारे लोक अजून भेटतात, तेव्हा हे मुद्दाम सांगितलं.

फुप्फुसाकडे वळू. तुमचा बुटका खांब अख्ख्या ऊतीचा आहे. अख्ख्या ऊतीचा आरएनए म्हणजे मिक्सरमधून काढलेली भाजी. त्यात वाल किती आणि वांगं किती, हे सांगता येत नाही. फुप्फुसाचा तुकडा दळला की त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी, रोगप्रतिकारक पेशी, संयोजी ऊती असं सगळं येतं, आणि टीएमपीआरएसएस२ असतं ते श्वासनलिकांच्या अस्तराच्या पेशींत आणि वायुकोशातल्या टाइप टू पेशींत (या नावाचा वरच्या टाइप टू गटाशी संबंध नाही). एकेका पेशीचा आरएनए मोजणारी माहिती उघडलीत तर त्या पेशी ठळक दिसतात. विषाणू प्रोस्टेटमध्ये जाऊन बसत नाही कारण तो श्वासातून येतो. त्याला समोर जी पेशी भेटते तिच्यावर एसीई२ (विषाणू ज्याला पकडतो ते पेशीवरचं प्रथिन) आणि टीएमपीआरएसएस२ दोन्ही असले म्हणजे झालं, आणि तेही हवेकडच्या बाजूला.

तिथे घडतं ते असं. विषाणूच्या काट्यावर, म्हणजे स्पाइकवर, दोन काप लागतात. पहिला काप आधीच्या पेशीतून बाहेर पडतानाच फ्युरिन हे दुसरं प्रोटिएज देतं. एसीई२ला पकडल्यावर दुसरा काप आर्जिनीन ८१५ नंतर टीएमपीआरएसएस२ देतं आणि विषाणूचं आवरण पेशीपटलाशी मिसळतं. २०२० च्या मार्चमध्ये गटिंगेनच्या प्योलमान यांच्या गटाने हे दाखवलं आणि सोबत कॅमोस्टॅट या जपानी औषधाने पेशींतला संसर्ग कमी होतो हेही. फ्लूच्या बाबतीत हे त्याआधीच माहीत होतं. मार्बुर्गच्या लोकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की टीएमपीआरएसएस२ आणि श्वसनमार्गातलं हॅट ही दोन्ही एन्झाइम्स फ्लूच्या हीमॲग्लुटिनिनला, म्हणजे त्याच्या काट्याला, तोडून संसर्गक्षम करतात. पुढे जनुक काढलेल्या उंदरांना एच१एन१ फारसा बाधत नाही हेही दिसलं. ज्या जनुकाचं शरीरासाठीचं काम सापडत नव्हतं, त्याचा विषाणूंना होणारा उपयोग आधी सापडला.

मग औषध का चाललं नाही? कॅमोस्टॅट जपानमध्ये स्वादुपिंडाच्या जुनाट दाहासाठी अनेक दशकं वापरात आहे, त्यामुळे चाचण्या पटकन सुरू झाल्या. डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. माझ्या मते कारणं एकाहून अधिक आहेत. रक्तात गेल्यावर हे औषध झपाट्याने तुटतं आणि उरलेला पदार्थ तितका जोरदार नसतो. दाखल होईपर्यंत विषाणूचा जोर ओसरून दाहाचा टप्पा सुरू झालेला असतो. शिवाय विषाणूला आत शिरायला मागचं दारही आहे: पेशीने गिळलं की आतल्या पिशवीत कॅथेप्सिन हे प्रोटिएज स्पाइकला कापून तेच काम साधतं. २०२१ च्या शेवटी आलेल्या ओमिक्रॉनने याच मार्गावर जास्त भर दिला आणि टीएमपीआरएसएस२वरचं अवलंबन कमी केलं. अँड्रोजेन कमी करून एन्झाइम खाली आणायची कल्पनाही करून पाहिली गेली, अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डेगारेलिक्सने आणि स्वीडनमध्ये एन्झालुटामाइडने. दोन्हीकडे निष्पन्न काही झालं नाही. या दुसऱ्या कल्पनेचा उगम नेमका तुमच्या त्या उंच खांबात होता. प्रोस्टेटमध्ये जे बटण चालतं ते फुप्फुसातही तितकंच चालत असेल, असं गृहीत धरलं गेलं.

२०२३ मध्ये आणखी एक वळण आलं. साधी सर्दी आणणाऱ्या एचकेयू१ या कोरोना विषाणूसाठी टीएमपीआरएसएस२ हे कात्रीच नव्हे तर पकडायची खुंटीसुद्धा आहे, म्हणजे ग्राहीच. आणि पकडण्यासाठी कात्री चालू असण्याची गरज नाही.

आता ज्या जनुकाची गोष्ट आपल्याकडच्या दवाखान्यांत प्रत्यक्ष उपयोगी पडते त्याकडे येते: टीएमपीआरएसएस६, मॅट्रिप्टेज-२. जागा २२वं गुणसूत्र, ऊती मुख्यतः यकृत.

शरीरात लोह किती शोषायचं हे यकृतातून निघणारं हेपसिडिन ठरवतं. हेपसिडिन वाढलं की पेशींतून लोह बाहेर सोडणारं फेरोपोर्टिन नष्ट होतं, आतड्यातलं लोह आतड्यातच राहतं आणि साठ्यातलं साठ्यात. लोह कमी असताना हेपसिडिन खाली यायला हवं, आणि ते खाली आणणाऱ्यांत मॅट्रिप्टेज-२ आहे. यकृतपेशीवरच्या हीमोज्युव्हेलिन या सहग्राहीला ते तोडतं आणि हेपसिडिन वाढवणारा संदेश मंदावतो, असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेतला एक विचित्र उंदीर प्रसिद्ध झाला. अंगावरचे केस गेलेले, चेहऱ्यावरचे मात्र शाबूत, म्हणून नाव मास्क. त्याला पंडुरोग होता आणि बिघडलेलं जनुक निघालं हेच. भरपूर लोह दिल्यावर केस परत आले. त्या निबंधावर ब्रूस आणि त्यांचे वडील अर्नेस्ट, स्वतः नामांकित रक्तविकारतज्ज्ञ, अशा बापलेकांची नावं शेजारी शेजारी आहेत.

माणसात दोन्ही प्रती बिघडल्या तर होतो तो लोहाला दाद न देणारा लोहन्यूनतेचा पंडुरोग, वैद्यकीय संक्षेपात आयरिडा. रिपोर्ट कसा दिसतो ते सांगते. मूल वाढीला ठीक, हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी फारच लहान, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहणाऱ्या लोहाचं माप) अगदी तळाला, आणि फेरिटिन (साठ्यातल्या लोहाचं माप) मात्र नॉर्मल किंवा त्याच्या आसपास. साध्या लोहन्यूनतेत फेरिटिनही खाली असतं. इथे ते नसतं म्हणून डॉक्टर गोंधळतात. तोंडाने लोहाचं औषध महिनोन्महिने देऊन काही होत नाही, शिरेतून दिलं तर अर्धवट सुधारणा होते. हेपसिडिन मोजलं तर जिथे ते जवळजवळ शून्य असायला हवं तिथे नॉर्मल किंवा वाढलेलं येतं.

आता सावधगिरीचा भाग. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया पंडुरोगी आहेत. त्यामागे आहार, पाळीतला रक्तस्राव, जंत, बाळंतपणं अशी रोजची कारणं आहेत, हे जनुक नव्हे. आयरिडा दुर्मीळ आहे. लोहाला दाद न देणारं मूल आलं तर आधी औषध खरोखर पोटात जातंय का ते विचारा, मग सीलिॲक (गव्हाने होणारा आतड्याचा आजार) आणि हेलिकोबॅक्टर (जठरातला जंतू) तपासा, आणि लाल पेशी लहान असल्याने थॅलेसेमिया मायनर हिमोग्लोबिन ए२ मोजून बाजूला काढा. हे सगळं नकारात्मक आलं आणि सॅच्युरेशन-फेरिटिनची वरची विसंगती कायम राहिली, तर जनुक तपासायला पाठवा. आई-वडिलांच्या घरांत नातं असेल तर थोडं लवकर.

याच जनुकाचा एक सौम्य प्रकारही आहे. ७३६व्या जागी ॲलॅनिनऐवजी व्हॅलीन. हा बदल कोट्यवधी लोकांत असतो आणि आजार करत नाही, हिमोग्लोबिन आणि लोहाच्या पातळीवर किंचित परिणाम करतो. २००९ मध्ये युरोपीय आणि भारतीय वंशाच्या लोकांवर झालेल्या जनुकीय पाहणीत हा भाग हिमोग्लोबिनशी जोडलेला ठळकपणे वर आला. व्यावसायिक जनुक-चाचणीच्या रिपोर्टात हा बदल पाहून घाबरलेले लोक मला विचारतात. घाबरायचं कारण नाही.

आणि उलटा विचारही चालू आहे. थॅलेसेमियात लोह अंगात साचतं. तिथे टीएमपीआरएसएस६ दाबलं तर हेपसिडिन वाढून लोह कमी शोषलं जाईल. यकृतात आरएनए दाबणारी औषधं पोचवणं आता जमलं आहे, म्हणून या जनुकावर तशी औषधं चाचण्यांत आली, पॉलिसायथेमियासाठीसुद्धा (यात लाल पेशी प्रमाणाबाहेर वाढतात). एकाच ऊतीत मुख्यतः चालणाऱ्या जनुकाचा हा मोठा फायदा: दाबलं तरी बाकी शरीरात गोंधळ कमी. इथे ऊतीचा खांब खरोखर उपयोगी पडला हे मी मान्य करते.

मॅट्रिप्टेज, म्हणजे एसटी१४ हे जनुक, याच्या अगदी उलट आहे. त्वचा, आतडं, श्वसनमार्ग, मूत्रपिंड, जिथे जिथे अस्तर आहे तिथे तिथे ते आहे. खांब सगळीकडे. पण मोकळं, काम करत असलेलं मॅट्रिप्टेज शोधायला गेलात तर सापडणं मुश्कील, कारण ते जागं होताच एचएआय-१ हा रोधक त्याला मिठी मारतो. ही मिठी सोडवली तर काय होतं ते उंदरांत दिसलं. एचएआय-१ नसलेले गर्भ मरतात, आणि मॅट्रिप्टेज कमी केलं की वाचतात. त्वचेत थोडंसं जादा मॅट्रिप्टेज घातलेल्या उंदरांना बाहेरून काही न लावता कॅन्सर झाले. आणि मॅट्रिप्टेज अजिबात नसलेली पिल्लं जन्मल्यावर दोन दिवसांत पाणी गमावून मरतात, कारण त्वचेचा अडसरच तयार होत नाही. माणसात याचा दोष २००७ मध्ये सापडला: खवल्यांची त्वचा आणि विरळ केस. दुसरा रोधक एचएआय-२ बिघडला तर बाळाला सोडियम वाहून नेणारे जन्मजात जुलाब होतात, आणि हे कळलं २००९ मध्ये. म्हणजे आतड्याच्या त्या आजारात प्रोटिएजचं जनुक ठीक, बिघडलेला त्याचा राखणदार. खांब पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

मॅट्रिप्टेज आणि प्रॉस्टासिन यांच्यात कोण कोणाला जागं करतं, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. त्वचेत मॅट्रिप्टेज आधी, इतर काही अस्तरांत उलट क्रम. माझं मत असं की एकच साखळी शोधण्याचा हट्ट चुकीचा आहे. प्रॉस्टासिन हे नाव वीर्यद्रवातून शुद्ध केल्यामुळे मिळालं, पण त्याचं गाजलेलं काम अस्तरातल्या सोडियमच्या मार्गिका उघडण्याचं आहे.

उरलेल्यांबद्दल भराभर. कोरिन हृदयात असतं आणि रक्तदाब कमी करणाऱ्या एएनपी या संप्रेरकाचं कच्चं रूप तोडून पक्कं करतं. त्याला स्वतःला पीसीएसके६ जागं करतं. गर्भारपणात गर्भपिशवीतही ते उगवतं आणि तिथे कमी पडलं तर प्रीएक्लॅम्प्सियासारखी (गर्भारपणात रक्तदाब चढण्याचा आजार) लक्षणं उंदरांत दिसली, हे २०१२ चं काम. हृदयाचा खांब पाहून गर्भपिशवीकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. हेप्सिन १९८८ मध्ये यकृतातून मिळालं, यकृतात ते मुबलक आहे, तरी ते नसलेल्या उंदरांचं यकृत आणि रक्त गोठणं व्यवस्थित. बिघडलं ते ऐकू येणं. टीएमपीआरएसएस३ मात्र सरळ बहिरेपणाचं जनुक आहे, २००१ मध्ये एका पाकिस्तानी आणि एका पॅलेस्टिनी कुटुंबातून सापडलेलं. आनुवंशिक बहिरेपणाच्या जनुक-चाचणीच्या यादीत ते असतंच.

आता प्रयोगशाळेत हे तपासायचं कसं. पेशींचा अर्क काढा आणि एकच नमुना वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीच्या) दोन लेनमध्ये चालवा. एकीत डीटीटी (गंधकाचे पूल तोडणारं रसायन) घालून, एकीत न घालता. कात्रीच्या भागाला चिकटणारी अँटीबॉडी घ्या. काप बसलेला असेल तर डीटीटीच्या लेनमध्ये गंधकाचा पूल तुटून कात्री खाली घसरते, टीएमपीआरएसएस२साठी साधारण ३० किलोडाल्टनच्या पट्ट्यात. डीटीटी नसलेल्या लेनमध्ये ती वरच राहते. दोन्ही लेनमध्ये वरच राहिली तर प्रथिन आहे, पण झोपलेलं. शेजारी सिरीनच्या जागी ॲलॅनिन घातलेला म्यूटंट चालवा. टीएमपीआरएसएस२ पेशींत स्वतःलाच तोडतं, म्यूटंटला ते जमत नाही, तेव्हा त्याची खालची पट्टी गायब व्हायला हवी. नाही झाली तर दुसरं कुणीतरी तोडतंय, आणि तोही निष्कर्षच आहे.

मॅट्रिप्टेजसाठी नमुना उकळू नका आणि डीटीटीही नको. एचएआय-१शी झालेली मिठी १२० किलोडाल्टनला दिसते आणि उकळलं की सुटते. अर्काचा पीएच सहाच्या आसपास उतरू दिलात तर पेशी फुटल्यावर मॅट्रिप्टेज स्वतःहून जागं होतं आणि जिवंत पेशीत नव्हतं ते ब्लॉटवर दिसतं.

काप बसला म्हणजे काम चालूच असेल असंही नाही, रोधक बसलेला असू शकतो. म्हणून फ्लुरोफॉस्फोनेटची बायोटिन लावलेली खूण वापरा. ती फक्त चालू सिरीनला चिकटते. चमकणारे पेप्टाइड सबस्ट्रेट स्वस्त असतात, पण आर्जिनीननंतर तोडणारं कुणीही त्यांना तोडतं, त्यामुळे त्यावरून नाव घेऊ नका. डिशमधल्या गाईच्या सीरममध्येही रोधक असतात.

प्रकल्पासाठी विचाराल तर मी टीएमपीआरएसएस२ सुचवेन. आजारामुळे नव्हे, त्याची कळ आपल्या हातात आहे म्हणून. २०२२ मध्ये त्याची रचना सोडवताना त्या लोकांनी त्याच्या नैसर्गिक कापाच्या जागी चार ॲस्पार्टेट आणि लायसीन घातलं, म्हणजे आपल्या वेळेला, आपल्या हाताने एंटरोपेप्टिडेज टाकून ते जागं करता येतं. झोपलेलं आणि जागं, दोन्ही एकाच प्रथिनातून मिळतात. तुलना करायला याहून सोयीचं या कुटुंबात दुसरं नाही. आणि पेशी डिशवरून सोडवताना सवयीने ट्रिप्सिन ओतू नका. तुमचं प्रथिन पेशीच्या बाहेर लोंबतंय. ट्रिप्सिन त्याला जागंही करेल आणि कापूनही टाकेल. ईडीटीएने सोडवा, थोडा वेळ जास्त लागतो.